पी-०७०० म्हणजे नुसता निरोप

गेल्या महिन्यात बॅटरीवर लिहिलं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या दोघा-तिघा वाचकांनी विचारलं होतं, "आता ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल लिहा की." लिहिणारच होतो, तेवढ्यात घरचंच उदाहरण सांबऱ्याला माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभं राहिलं.

माझी ताई निपाणीला असते. दाजींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डाव्या पायानं क्लच दाबणं जमेना, म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक घेतली. सहा गियरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. परवा भाच्याला सांबऱ्याहून बेंगळूरच्या विमानात बसवायला निघाले, आणि वंटमुरी घाटात गाडीनं एक दणका दिला. इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गियरवर अडकली. वरही जाईना, खालीही येईना. विमान कसंबसं मिळालं. तिथनं दोघं थेट माझ्याकडं.

"गियरबॉक्स गेलाय रे," ताई उतरताच म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वी असंच झालं होतं, तेव्हा एका गॅरेजवाल्यानं मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर लावून पी-०७०० हा कोड दाखवला होता आणि एक लाख चाळीस हजार सांगितले होते. ताईनं बँकेतली ठेव मोडायची तयारी केली होती. दाजी म्हणत होते, गाडीच विकू. पण गाडी विकली तर दाजी घरात बसणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

आता हा कोड काय सांगतो ते बघा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांची एक जागा असते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, आपल्याकडे ओबीडी-२ आलं २०१३ च्या सुमारास. तिथून येणाऱ्या कोडमधलं 'पी' म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड. त्यानंतरचा ७ म्हणजे गियरबॉक्सचं खातं. आणि पी-०७०० म्हणजे गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं इंजिनच्या कॉम्प्युटरकडं पाठवलेला निरोप: माझ्याकडं काहीतरी तक्रार आहे, दिवा लाव. तक्रार काय, ते त्यात नसतं. ते गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरलाच विचारावं लागतं, आणि हजार-दीड हजाराचे बरेच स्कॅनर तिथपर्यंत पोचतच नाहीत. दार वाजलं म्हणून घर पाडायला काढावं, तसला प्रकार.

माझ्याकडचा मोठा स्कॅनर लावला. आत आणखी दोन कोड निघाले: पी-०७२०, म्हणजे बाहेरच्या दांड्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट, आणि पी-०७३३, तिसऱ्या गियरचं प्रमाण चुकलं. दुसरा कोड वाचून कुणाचीही छाती धडधडेल, कारण आतल्या क्लचप्लेटा घसरायला लागल्या की हाच कोड येतो. पण कॉम्प्युटरला ते कळतं कसं? समजा, तिसऱ्या गियरचं प्रमाण १.५ आहे. आत येणारा दांडा मिनिटाला १५०० फेरे मारत असेल, तर बाहेर जाणारा १००० मारायला हवा. दोन सेन्सर हे आकडे देतात, कॉम्प्युटर भागाकार करतो. उत्तर जुळलं नाही की कोड टाकतो, आणि आणखी नुकसान नको म्हणून गाडी एकाच गियरवर धरून ठेवतो. लंगडत का होईना, घर गाठता यावं म्हणून. आता बाहेरचा सेन्सरच खोटं बोलत असेल तर गियर धडधाकट असूनही भागाकार चुकणारच.

मी आधी कोड कागदावर उतरवून घेतले, कारण पुसले की कोड कुठल्या वेगाला, किती तापमानाला पडला ही नोंदही जाते. बॅटरी बघितली, इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट, ठीक. गियरचं तेल तांबूस होतं, जळका वास नाही. प्लेटा जळल्या असत्या तर तेल काळपट झालं असतं, आणि मग मीही ताईला खर्चाचंच सांगितलं असतं. तसंही एकदा सांगितलंय एका शेजाऱ्याला. स्कॅनर आहे म्हणून प्रत्येक वेळी स्वस्तात सुटका होते असं नाही.

मग दाजींना शेजारी बसवून बागलकोट रस्त्यावर फेरी मारली. स्कॅनरवर दोन आकडे समोरासमोर ठेवले. चाकांचे सेन्सर चाळीसचा वेग दाखवत होते, आणि खड्ड्यात आदळलं की गियरबॉक्सचा बाहेरचा वेग क्षणभर थेट शून्य.

"दाजी, गाडी चालतीय का थांबलीय?"

"चालतीय की."

"मग हा शून्य कुठला?"

गाडी लिफ्टवर घेतली. या गाडीत तो सेन्सर बाहेरून बसतो. त्याच्या वायरीचं वरचं आवरण उंदरानं कुरतडलेलं, आतली एकच-दोन तारा धरून होत्या. धक्का बसला, वायर तापली, की संपर्क तुटायचा. तुटका भाग कापला, नवी वायर झाळली, वर रबरी नळी चढवली, वायर गरम भागापासून लांब बांधली. सेन्सरसुद्धा बदलावा लागला नाही. कोड पुसून तासभर चालवली, घाटापर्यंत जाऊन आलो. शून्य परत दिसला नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमची ऑटोमॅटिक एएमटी असेल, म्हणजे मारुतीनं २०१४ साली सेलेरिओत आणली त्या जातीची, तर वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथं टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधाच क्लच आणि साधाच गियरबॉक्स असतो, फक्त दाबणारा हात यंत्राचा. त्यात झटके येत असतील तर आधी क्लचची झीज आणि त्या यंत्राचं तेल बघायचं. कोडही वेगळे पडतात. त्यावर पुढं कधीतरी.

दाजी पैसे विचारायला लागले, ताईनं डोळे वटारले, आणि चहा झाला. जाताना मी म्हणालो, उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात बरेच जण. दाजी निपाणीचे. ते म्हणाले, "अख्ख्या गावाला तंबाखूचा वास, आणि उंदीर माझ्याच गाडीत! त्यास्नी सवय झालीय रे."

जाळीच बसवून दिली मग.