एकच काम, चार आकडे : अंदाजपत्रकाची भाषा कोणाच्या सोयीची?

वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द प्रकल्पाला 1983 मध्ये पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता. 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. 2009 मध्ये या प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, त्या सुमारास हा आकडा 7,778 कोटींवर गेला होता. 2016 च्या सुधारित मान्यतेत तो 18,494 कोटी झाला. मूळ रकमेच्या सुमारे पन्नास पट. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याचे स्वप्न मात्र या काळात पुढच्या पिढीकडे सोपवले गेले.

या वाढीचे समर्थन करताना महागाईकडे बोट दाखवले जाते. ते पूर्णतः खोटे नाही. 1983 ते 2016 या काळात देशातील घाऊक किमती सात ते आठ पटींनी वाढल्या. त्या हिशेबाने 372 कोटींचे तीन हजार कोटी झाले असते, तर कोणाची तक्रार नव्हती. उरलेले पंधरा हजार कोटी कोठून आले, याचे उत्तर संकल्पचित्रांतील बदल, भूसंपादन, पुनर्वसन, वाढलेली व्याप्ती आणि मुळातच तोकडे असलेले अंदाजपत्रक यांत विभागलेले आहे. त्यातील कोणता वाटा किती, हे सामान्य नागरिकाला सहज कळत नाही. कारण हा सारा व्यवहार ज्या शब्दांत होतो, ते शब्दच त्याच्यासाठी परके आहेत.

मान्यता तीन, जबाबदारी कोणाची?

सरकारी बांधकामाची वाट तीन मान्यतांमधून जाते. पहिली प्रशासकीय मान्यता. हे काम हवे आहे आणि त्यासाठी साधारण इतका खर्च करण्यास शासन तयार आहे, एवढाच तिचा अर्थ. तिच्यामागे बहुधा ढोबळ अंदाजपत्रक असते. दुसरी तांत्रिक मान्यता. प्रत्यक्ष सर्वेक्षण, संकल्पन आणि बाबनिहाय परिमाणे यांच्या आधारे तयार केलेले सविस्तर अंदाजपत्रक योग्य आहे, असे सक्षम अभियंता तीत प्रमाणित करतो. तिसरी निधीची तरतूद. या तिन्ही गोष्टी झाल्यानंतर निविदा आणि मग कार्यारंभ आदेश, असा क्रम नियमांना अपेक्षित आहे.

व्यवहारात हा क्रम अनेकदा उलटा होतो. आधी घोषणा, मग भूमिपूजन, मग निविदा आणि शेवटी सर्वेक्षण. भूसंपादन आणि सविस्तर सर्वेक्षण पूर्ण होण्यापूर्वीच कामे देण्यात आल्याचे आक्षेप महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षे नोंदवले गेले आहेत. ज्या आकड्यावर लोकप्रतिनिधी मान डोलावतात तो ढोबळ असतो. खरा आकडा समोर येतो तेव्हा काम अर्धे झालेले असते आणि माघार घेणे कोणालाच परवडत नाही.

येथेच चौथा शब्द येतो : सुधारित प्रशासकीय मान्यता. मंत्रालयाच्या बोलीत ‘सुप्रमा’. खर्च मंजूर रकमेच्या ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की नव्याने मान्यता घ्यावी, वाढीची कारणे तपासली जावीत आणि प्रसंगी काम थांबवण्याचाही विचार व्हावा, असा तिचा मूळ हेतू. म्हणजे ही खरे तर चौकी होती. तिचा दरवाजा कसा झाला, हे 2009 मध्ये दिसले. त्या वर्षी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत अवघ्या काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर नेण्यात आली. राज्याच्या सिंचन व्यवहारावर 2012 मध्ये श्वेतपत्रिका निघाली, जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल 2014 मध्ये आला. राजकीय वादळ व्यक्तींभोवती घोंगावत राहिले. ज्या प्रक्रियेने वीस हजार कोटींची वाढ कागदोपत्री नियमित केली, तिच्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

टक्का कमी, पण कशापेक्षा?

वृत्तपत्रांत वारंवार येणारा दुसरा शब्दप्रयोग म्हणजे ‘अंदाजित रकमेपेक्षा इतके टक्के कमी’ किंवा ‘जादा’ दराची निविदा. कमी म्हणजे बचत आणि जादा म्हणजे घोटाळा, असा वाचकाचा स्वाभाविक ग्रह होतो. पण टक्का ज्या रकमेवर काढला, ती रक्कमच फुगवलेली किंवा जुन्या दरसूचीवर बेतलेली असेल, तर त्या टक्क्याला काही अर्थ उरत नाही.

द्वारका द्रुतगती मार्गाचा वाद हे याचे बोलके उदाहरण. ऑगस्ट 2023 मध्ये महालेखापरीक्षकांनी या 29 किलोमीटरच्या रस्त्याबाबत आक्षेप घेतला. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने प्रतिकिलोमीटर 18.20 कोटी रुपये मंजूर केले असताना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 250.77 कोटींच्या दराने काम मंजूर केले, असा तो आक्षेप होता. रस्ते मंत्रालयाचे उत्तर असे की, 18.20 कोटी हा या रस्त्याचा अंदाज नव्हताच. पाच हजार किलोमीटरच्या कार्यक्रमासाठी ठरवलेल्या 91 हजार कोटींची ती केवळ सरासरी होती आणि हा रस्ता आठ पदरी, बहुतांश उन्नत व भुयारी स्वरूपाचा आहे. निविदेसाठीचा सरासरी अंदाज प्रतिकिलोमीटर 206.39 कोटी होता आणि कंत्राटे 181.94 कोटींना दिली गेली, म्हणजे बारा टक्के बचतच झाली, असेही मंत्रालयाने सांगितले.

एका रस्त्याचे हे चार आकडे. त्यांपैकी एकही बनावट नाही. 18.20 कोटी ही कार्यक्रमाची सरासरी, 250.77 कोटी ही प्राधिकरणाची मंजुरी, 206.39 कोटी हा निविदेचा अंदाज आणि 181.94 कोटी हा स्वीकृत देकार. टीकाकारांनी पहिले दोन उचलले, समर्थकांनी शेवटचे दोन. दोघांनीही एक प्रश्न बाजूला ठेवला. रस्ता उन्नत करण्याचा निर्णय झाला, त्या वेळी जमिनीवरील पर्यायाशी त्याच्या खर्चाची तुलना कोणी आणि कोणत्या कागदावर केली? बारा टक्के बचतीची बातमी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. किती दराने बांधले, हे निविदा सांगते. काय बांधायचे, हे तिच्या आधीच ठरलेले असते आणि खर्चाचा मोठा भाग तेथेच निश्चित होतो.

न्यूनतम देकार आणि अंतिम देयक

तिसरा गैरसमज ‘न्यूनतम निविदाकार’ या शब्दाभोवती आहे. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळाले म्हणजे ते सर्वांत स्वस्तात झाले, असे नव्हे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कालव्याच्या खोदकामात 10 हजार घनमीटर मुरूम आणि 2 हजार घनमीटर कठीण खडक निघेल, असे अंदाजपत्रक सांगते. दरसूचीनुसार मुरुमाचा दर 150 रुपये आणि खडकाचा 600 रुपये. एकूण रक्कम 27 लाख. पहिला ठेकेदार 160 आणि 620 असे दर भरतो. त्याची निविदा होते 28 लाख 40 हजारांची. दुसरा मुरुमाला 80 आणि खडकाला 900 असे दर भरतो. त्याची निविदा 26 लाखांची. नियमाप्रमाणे काम दुसऱ्याला मिळते आणि शासनाचा एक लाख वाचल्याची नोंदही होते.

प्रत्यक्षात खोदकाम सुरू झाल्यावर मुरूम 6 हजार आणि खडकही 6 हजार घनमीटर निघतो. आता दुसऱ्या ठेकेदाराचे देयक 58 लाख 80 हजारांचे होते. पहिल्याचे 46 लाख 80 हजार झाले असते. जमिनीखाली काय आहे याचा अंदाज ज्याला खात्यापेक्षा चांगला होता, त्याने न्यूनतम दर भरून सर्वाधिक रक्कम मिळवली. सर्वेक्षणात वाचवलेले काही हजार असे लाखांनी वसूल होतात.

यावर उपाय नियमांत नाही असे नाही. राज्याच्या बांधकाम खात्याच्या निविदा नमुन्यातील 38 वे कलम याचसाठी आहे. एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतील परिमाणापेक्षा 25 टक्क्यांहून अधिक वाढले, तर वाढीव भागाला ठेकेदाराचा नव्हे, तर दरसूचीवर आधारित दर लागू होतो. वरील उदाहरणात 2,500 घनमीटरच्या पुढील खडकाला 600 रुपयांचा दर लावला, तर देयक 48 लाख 30 हजारांवर येते. म्हणजे एक कलम काटेकोरपणे लावल्याने साडेदहा लाख वाचतात. मात्र हे कलम लावले गेले की नाही, वाढलेले काम त्याच बाबीत दाखवले की ‘जादा बाब’ म्हणून वेगळे दर ठरवले, हे अंतिम देयक पाहिल्याशिवाय समजत नाही. निविदा उघडताना ई-निविदेमुळे पुष्कळ प्रकाश असतो. अंतिम देयक मंजूर होताना तेवढा नसतो.

आकड्याला तारीख हवी

हा प्रश्न एका खात्याचा किंवा एका राज्याचा नाही. केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या मार्च 2024 अखेरच्या अहवालानुसार, 150 कोटी रुपये वा त्याहून अधिक खर्चाच्या 1,873 केंद्रीय प्रकल्पांपैकी 449 प्रकल्पांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा वाढला होता. ही वाढ पाच लाख कोटी रुपयांहून अधिक होती. 779 प्रकल्प विलंबाने चालले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर अंदाज चुकत असतील आणि ते बहुतेक एकाच दिशेने चुकत असतील, तर त्याला केवळ चूक म्हणता येत नाही. कमी आकडा दाखवला की मान्यता लवकर मिळते आणि एकदा काम सुरू झाले की वाढ नाकारली जात नाही, हे सर्व संबंधितांना पक्के ठाऊक आहे.

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. माहिती अधिकार कायदा 2005 मध्येच आला आणि त्याच्या चौथ्या कलमाने सरकारी कार्यालयांवर स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. प्रत्येक मोठ्या कामाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर पाच रकमा एकाखाली एक लिहिल्या, तरी बरेच साधेल : प्रशासकीय मान्यतेची रक्कम, तांत्रिक मान्यतेची रक्कम, स्वीकृत निविदा, आतापर्यंतच्या सर्व सुप्रमा आणि अंतिम देयक. प्रत्येकीसमोर ती कोणत्या वर्षाच्या दरसूचीवर आधारित आहे आणि कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने मंजूर केली, एवढी नोंद असावी.

असा फलक गोसीखुर्दच्या कालव्यावर 1983 पासून उभा असता, तर 372 कोटींचे 18,494 कोटी होताना प्रत्येक टप्प्यावर विचारणारा कोणीतरी भेटला असता. पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला भाववाढ, व्याप्तीबदल, जादा बाब हे शब्द कोणी समजावून सांगितले नाहीत. त्यांची किंमत मात्र त्याने आणि करदात्याने मिळून चुकवली आहे.