पुढची आवृत्ती कधी येणार?



जुन्या कॅसेट संगणकात उतरवून घेण्याबद्दल या सदरात लिहिलं, तेव्हापासून तीन-चार जणांनी एकच शंका विचारली आहे. एका काकांनी ती फोनवर अशी मांडली : "अरे, एमपी३ करायला तू सांगितलंस ते लेम पाहिलं. त्याची आवृत्ती २०१७ची दिसते! मोबाइलमधली ॲप्स दर आठवड्याला अपडेट मागतात. हे बंद पडलेलं दुकान तर नाही ना? नवी आवृत्ती येईपर्यंत थांबू का?"

शंका रास्त आहे. तिचं एका शब्दातलं उत्तर 'नको' असं आहे. पण ते उत्तर पटायला हवं असेल, तर हे सॉफ्टवेअर कोण बनवतं आणि त्याला उशीर का होतो, हे थोडं समजून घ्यावं लागेल.

आधी लेमची ओळख. आवाजाची मोठी फाइल घेऊन तिची छोटी एमपी३ फाइल करणाऱ्या प्रोग्रॅमला एन्कोडर म्हणतात. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट जागा घेतो, म्हणजे तासाभराच्या गाण्याला जवळजवळ ६३५ एमबी. तेच गाणं १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये साधारण ५८ एमबीत बसतं. उरलेला नऊ-दशांश भाग जातो कुठे? तो एन्कोडर टाकून देतो. काय टाकायचं हे तो आपल्या कानाच्या मर्यादा पाहून ठरवतो. तबल्यावर जोरात थाप पडली की त्या क्षणी तानपुऱ्यातले काही बारीक सूर आपल्याला ऐकूच येत नाहीत. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. जे झाकलं गेलं, ते साठवायचं कशाला, असा हा हिशेब.

हिशेब चांगला जमला तर कानाला फरक कळत नाही. बिघडला तर टाळ, टाळ्या, टिचक्या अशा तीक्ष्ण आवाजांच्या आधीच हलकीशी खरखर ऐकू येते. एकट्या मानवी आवाजाचीही अशीच परीक्षा असते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी हे तंत्र घडवत होते, तेव्हा सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवाय म्हटलेलं गाणं सुरुवातीला फारच वाईट उतरत होतं. ते नीट उतरेपर्यंत त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं.

एमपी३ची फाइल कशी असावी हे प्रमाणकाने ठरवून दिलं आहे. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे एन्कोडर लिहिणाऱ्यावर सोडलं आहे. पुरणपोळीसारखंच म्हणा ना! साहित्य सगळ्यांना माहीत, पण पोळी लाटणाऱ्याच्या हातावर. म्हणूनच एमपी३ एन्कोडरमध्ये चांगले-वाईट असतात.

१९९८मध्ये माइक चेंग यांनी उपलब्ध असलेल्या कोडमध्ये सुधारणा करायला घेतल्या आणि त्यातून लेम सुरू झालं. पुढे मार्क टेलर यांनी सूत्रं घेतली. मे २०००पर्यंत मूळचा नमुना-कोड पूर्णपणे बदलला गेला आणि लेम स्वतःच्या पायांवर उभं राहिलं. नावही गमतीचं : 'लेम एन्ट ॲन एमपी३ एन्कोडर', म्हणजे 'लेम हा एमपी३ एन्कोडर नव्हेच'. सुरुवातीला तो खरोखरच पूर्ण एन्कोडर नव्हता, दुसऱ्याच्या कोडवरची ठिगळं होती. पुढे झाला, पण नाव तेच राहिलं. आपल्याकडे नाही का, 'बाळू' साठीचा झाला तरी बाळूच राहतो.

आता मुख्य गोष्ट. लेमची ३.९९.५ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१२मध्ये आली. तिच्यानंतरची ३.१०० आली ऑक्टोबर २०१७मध्ये. मधे साडेपाच वर्षांहून जास्त काळ गेला. (३.९९नंतर ३.१०० कसं, असं गणिताच्या सरांनी विचारू नये. इथला बिंदू दशांशचिन्ह नसतो. नव्याण्णवनंतर शंभर, इतकाच त्याचा अर्थ.) आणि एवढी वाट पाहून त्यात मिळालं काय? मुख्यतः दोषदुरुस्त्या. त्यांतल्या काही सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. गाणं एकदम सुरेल व्हावं असं त्यात काही नव्हतं, कारण ते काम आधीच्या दहा-बारा वर्षांत बरंचसं होऊन गेलं होतं. ३.१००नंतरही अनेक वर्षं नवी आवृत्ती आली नाही.

फ्लॅकचीही तीच कथा. फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता फाइल साधारण निम्मी करणारं मुक्त तंत्र. जॉश कोल्सन यांनी ते सुरू केलं, पहिली पूर्ण आवृत्ती २००१मध्ये आली. १.२.१ ही आवृत्ती सप्टेंबर २००७ची आणि १.३.० थेट मे २०१३ची. मधल्या काळात मूळ कर्ता बाजूला झाला होता. काम दुसऱ्यांच्या हाती गेलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. डिसेंबर २०२४मध्ये तर फ्लॅकला इंटरनेटच्या अधिकृत प्रमाणकांच्या मालिकेत स्थान मिळालं. २०१०मध्ये 'फ्लॅक संपलं' असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

मी पगारी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे रिलीजची तारीख हुकली तर मॅनेजर विचारतो, ग्राहक विचारतो, शनिवारी ऑफिसला यावं लागतं. त्या सगळ्यामागे पगार असतो. लेमसारख्या प्रकल्पात तारीख देणारा कुणी नाही आणि हुकली म्हणून विचारण्याचा हक्कही कुणाला नाही. ही माणसं नोकरी, घर, मुलांचा अभ्यास सांभाळून रात्री तासभर कोड लिहितात. त्यातला एखादा नोकरी बदलतो, एखाद्याचे वडील आजारी पडतात, एखाद्याचा रसच संपतो. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव आठवा. वर्गणी, मांडव, प्रसाद सगळं चार-पाच जण ओढतात. त्यातले दोघं एका वर्षी बाहेरगावी गेले की कार्यक्रमपत्रिका उशिरा छापून येते, आणि नेमके सतरंजीवर पाय न ठेवणारेच विचारतात, "यंदा पत्रिका का नाही आली?"

दुसरं कारण कमी बोललं जातं. पूर्ण झालेल्या वस्तूला रोज रंग द्यावा लागत नाही. मोबाइलमधलं ॲप दर आठवड्याला बदलतं, ते बहुतेकदा जाहिराती, नवे फोन आणि कंपनीच्या नव्या योजना यांसाठी. एमपी३चं प्रमाणक १९९३पासून ठरलेलं आहे. ते बदलत नाही, मग ते पाळणारा प्रोग्रॅम सारखा का बदलावा? सुरक्षेतली एखादी फट सापडली तर दुरुस्ती हवीच. तीही पुष्कळदा लिनक्सच्या वितरणांमधली मंडळी आपल्या पातळीवर करून घेतात. कोड उघडा असल्याचा हा फायदा. मूळ मालक झोपला असला तरी शेजारी नळ दुरुस्त करू शकतो.

उशीर झाला म्हणून तगादा लावणं किती महागात पडू शकतं, याचं एक उदाहरण आवाजाच्या जगाबाहेरचं आहे, पण सांगायलाच हवं. एक्सझेड नावाचं फाइल लहान करणारं मुक्त सॉफ्टवेअर जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते बरीच वर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२२मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर दबाव आणायला सुरुवात केली : काम फार मंद चाललंय, तुम्हाला झेपत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. कॉलिन यांनी सांगितलं की हे बिनपगारी छंदाचं काम आहे आणि तब्येतीमुळे वेळ कमी मिळतो. त्याच सुमाराला जिया टॅन या नावाने वावरणारी एक 'मदतनीस' व्यक्ती सतत चांगलं काम पाठवत होती. हळूहळू तिच्याकडे अधिकार गेले. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये तिने सर्व्हरमध्ये शिरण्याचा चोरदरवाजा बसवला होता.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं की सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं, त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ला जगाला सावध केलं. तगादा लावणारी ती नावं खोटी होती, असंच आज बहुतेक जाणकार मानतात. थकलेल्या माणसाला 'लवकर कर, लवकर कर' म्हणणं हेच तिथे हत्यार झालं. तेव्हापासून एखादी नवी आवृत्ती उशिरा आली की मला काळजी वाटत नाही. घाईघाईने आलेल्या आवृत्तीकडे मात्र मी दोनदा पाहतो.

आता काकांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग : थांबू का?

सॉफ्टवेअर थांबू शकतं, कॅसेट थांबत नाही. फितीवरचा चुंबकीय लेप वर्षागणिक कमजोर होतो. गुंडाळलेल्या फितीत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, म्हणून जुन्या कॅसेटमध्ये गाणं सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. फितीला आतून दाबून धरणारा मऊ तुकडा निखळून पडतो. टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा सैल होतो किंवा चिकट होऊन वितळतो. माळ्यावरचा उन्हाळा आणि गोव्या-कोकणातली दमट हवा, दोन्ही फितीला मानवत नाहीत.

शिवाय आपल्याकडच्या कॅसेटमध्ये काय काय आहे! इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडच्या कितीतरी घरांत खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणं आहेत. कुणाकडे आजोबांचं कीर्तन असेल, कुणाकडे बारशाचा गोंधळ. विकत घेतलेल्या कॅसेटची प्रत जगात कुठे ना कुठे सापडेल, घरी भरलेल्या कॅसेटची दुसरी प्रत नसते. आमच्याकडे १९८०च्या दशकातली मंगळागौरीच्या गाण्यांची एक कॅसेट आहे. त्यातले दोन आवाज घरात सगळ्यांना ओळखू आले. तिसरा कुणाचा हे एकट्या मोठ्या आत्याने सांगितलं, तेही दोनदा ऐकून : शेजारच्या वाड्यातल्या, पुढे नागपूरला गेलेल्या एका काकूंचा. आत्या आता ब्याऐंशीची आहे. ही माहिती कुठल्याच अपडेटमध्ये येणार नाही.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा.

आधी कॅसेट वाजवून आवाज संगणकात मूळ दर्जाने भरून घ्या. ऑडॅसिटी हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. आवाजाची पातळी सर्वांत जोरकस जागीही लाल रेषेच्या बरीच खाली राहू द्या, कारण फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. या कामाला शॉर्टकट नाही : ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात. तासाभराच्या शंभर कॅसेट असतील तर रोज एक या हिशेबाने तीन महिन्यांहून जास्त.

भरून झालं की ती फाइल फ्लॅकमध्ये साठवा. ही तुमची मूळ प्रत. फ्लॅक फाइलमध्ये आतल्या आवाजाचा एक गणिती ठसाही असतो, त्यामुळे पुढे दहा वर्षांनी फाइल बिघडली आहे का हे तपासता येतं. हिच्या दोन प्रती करा, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या भावाकडे.

मग नातेवाइकांना पाठवायला लेमने एमपी३ करा. पूर्वी पेटंटच्या भानगडीमुळे लेम ऑडॅसिटीत वेगळं आणून बसवावं लागे. एमपी३च्या परवान्यांचा कार्यक्रम एप्रिल २०१७मध्ये बंद झाला आणि २०१९पासून विंडोज आणि मॅकवरच्या ऑडॅसिटीत लेम आतच येऊ लागलं. सरासरी १९० किलोबिटच्या आसपासची, गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारी सेटिंग निवडलीत तर बहुतेकांना मूळ आणि एमपी३ यांतला फरक कळणार नाही. विश्वास नसेल तर घरात परीक्षा घ्या : डोळे मिटून ऐकवा आणि कोणती फाइल कोणती ते ओळखायला सांगा. दहापैकी पाच-सहा वेळा बरोबर आलं, तर ते नाणं उडवण्यासारखंच झालं.

या क्रमाचा फायदा असा, की उद्या लेमची नवी आवृत्ती आली किंवा एमपी३पेक्षा सरस काही वापरावंसं वाटलं, तर मूळ प्रतीवरून पुन्हा फाइली करता येतात. सरस तंत्र आहेही : व्हॉट्सॲपवर आपण जे आवाजी निरोप पाठवतो, ते ओपस या मुक्त तंत्राने लहान केलेले असतात. फक्त एमपी३वरून पुन्हा एमपी३ करू नका. एकदा टाकून दिलेलं परत येत नाही आणि प्रत्येक वेळी आणखी थोडं जातं.

आणि हो, प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि आवाज कुणाचे ते लिहा. माहीत नसेल तर या दिवाळीत घरातल्या ज्येष्ठांना जवळ बसवून ऐकवा आणि विचारा. टेपरेकॉर्डर नसेल तर मला कळवा. माझ्याकडे एक चालू स्थितीत आहे, शनिवार-रविवारी देता येईल. नावं नोंदवाल त्या क्रमाने.