ताळेबंदातील मूल्य आणि ठेवीदारांची जोखीम

बंगळुरूच्या बसवनगुडी भागातील श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये निर्बंध लादले आणि प्रत्येक ठेवीदाराला केवळ ३५ हजार रुपये काढण्याची मुभा दिली. थकीत कर्जे बनावट खात्यांच्या आधारे दडवण्यात आल्याचा आरोप पुढे झाला. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर अशीच वेळ आली होती. तेथे सुरुवातीची मर्यादा अवघी एक हजार रुपये होती. या दोन घटनांमुळे एक मूलभूत प्रश्न पुढे आला: ताळेबंदात लिहिलेली किंमत खरी आहे, हे ठरवायचे कसे?

मोठ्या कंपन्यांसाठी याचे उत्तर भारतीय लेखामानक ११३ मध्ये आहे. बाजारातील सुजाण घटकांमध्ये, कोणत्याही सक्तीविना, मूल्यमापनाच्या दिवशी व्यवहार झाल्यास मालमत्ता विकून जी रक्कम मिळेल किंवा देणे दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी जी द्यावी लागेल, ते वाजवी मूल्य. त्याचे तीन स्तर आहेत. पहिल्यात तशाच मालमत्तेचा सक्रिय बाजारातील भाव थेट घेतला जातो. दुसऱ्यात तत्सम मालमत्तेचे भाव किंवा व्याजदर यांचा आधार असतो. तिसऱ्यात मात्र कंपनीचे स्वतःचे अंदाज येतात. म्हणूनच तिसऱ्या स्तरासाठी सर्वाधिक खुलासे बंधनकारक आहेत.

नागरी सहकारी बँकांना मात्र या नव्या लेखामानकांतून वगळण्याचा निर्णय २०१६ मध्येच जाहीर झाला. तथापि, ती लागू असती तर संकट टळले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. सर्वसाधारण कर्जे नव्या मानकांतही बहुधा वाजवी मूल्याने नोंदली जात नाहीत; संभाव्य तोट्याची तरतूद करून ती दाखवली जातात. शिवाय कर्जदारच कागदोपत्री असेल, तर कोणतेही सूत्र उपयोगी पडत नाही. सत्यम कंपनीच्या २००९ मधील घोटाळ्यात तर रोख रक्कमच खोटी होती. मूल्यमापनाच्या आधी मालमत्तेचे अस्तित्व तपासावे लागते, हा त्यातील धडा.

खरी विषमता देण्यांच्या बाजूला आहे. मागताक्षणी परत द्यावयाच्या ठेवीचे वाजवी मूल्य मागणीच्या रकमेपेक्षा कमी धरता येत नाही, असे हेच मानक सांगते. कर्जांचे मूल्य घसरले तरी ठेवींचे देणे कायम राहते. ही तफावत आधी भागभांडवल गिळते आणि नंतर ठेवीदारांपर्यंत पोहोचते. मुंबईची बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु पाच लाखांहून मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबली. आकडा तोच राहिला, पण दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचे आजचे मूल्य निश्चितच कमी आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. २०२१ च्या कायदादुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद केली. हे स्वागतार्हच, मात्र विमा हा नुकसानीनंतरचा दिलासा आहे. त्याआधीचे संरक्षण कर्जांच्या प्रामाणिक वर्गीकरणात, पुरेशा तरतुदीत आणि स्वतंत्र लेखापरीक्षणात आहे. जादा व्याजदराकडे आकृष्ट होण्यापूर्वी ठेवीदारांनी वार्षिक अहवालातील अनुत्पादित कर्जांचे प्रमाण आणि लेखापरीक्षकांचे शेरे वाचणे हिताचे ठरेल.