एस्टिमेटमध्ये नसलेला फिल्टर

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे कोकणातल्या तिसऱ्या आणि कालवं काय खाऊन जगतात याच्याशी आपला संबंध काय, असं कुणीही विचारेल. पण त्यांचेच गोड्या पाण्यातले भाऊबंद, म्हणजे शिंपले, गोदावरीच्या खोऱ्यातल्या नद्यांच्या तळात राहतात. माझ्या मते सिव्हिलवाल्यांनी तरी त्यांची ओळख करून घ्यायलाच हवी.

शिंपला अन्नाच्या मागे धावत नाही. वाळूत अर्धा रुतून तो दोन वाटा तेवढ्या उघड्या ठेवतो. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. पंप कुठला? त्याच्या कल्ल्यांवर सूक्ष्म केस असतात, ते एका लयीत हलून पाणी ओढतात. पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ, जिवाणू, कुजलेल्या पाल्याचे कण कल्ल्यांवर अडकतात. खाण्याजोगं तोंडात जातं, नको ते चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकलं जातं आणि तळाशी बसतं. आपण तुरटी टाकून गाळ बसवतो, तसलंच काम हा पठ्ठ्या विजेशिवाय करतो!

म्हणून काय गटारं नदीत सोडायची? मुळीच नाही. शिसं, कॅडमियम असे धातू शिंपल्याच्या अंगात साठत जातात. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या 'मसल वॉच' कार्यक्रमात तर किनाऱ्यावरचे शिंपले आणि कालवं तपासूनच प्रदूषण मोजलं गेलं.

आता आपलं एस्टिमेट बघा. वाळूचा दर ब्रासवर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाहतूक धरली, मजुरी धरली. पण वाळूबरोबर उपसला जाणारा हा फिल्टर कुठल्याच कॉलमात नाही. आणि तो पुन्हा बसवणंही सोपं नाही. नदीतल्या बहुतेक शिंपल्यांची पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, मगच तळात उतरतात. म्हणजे वाळू हवी, मासे हवेत, पाणीही हवं.

छोट्या क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण परवानगी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बजावलं आहे. पण कामात कोणती वाळू वापरायची हे उद्या आपणच लिहिणार आहोत. जिथे क्रश सँड चालते, तिथे नदीची वाळू लिहायची नाही, एवढं तरी आपल्या हातात नक्की आहे.