चौकटीत न बसलेली नावं

आमच्या गटाच्या कार्यालयात भिंतीवर एक लहानशी गोधडी काचेत मढवून लावली आहे. येणाऱ्या मैत्रिणी तिच्यासमोर थांबतात, कौतुक करतात. मला मात्र तिच्याकडे पाहिलं की अपराधी वाटतं. का, ते आज लिहायचं ठरवलं आहे.

1992 साली एका वस्तीत आम्ही साक्षरता वर्ग चालवत होतो. वर्गातल्या अकरा जणींनी मिळून ही गोधडी शिवली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, मध्ये नळावरची रांग, रेशनचं दुकान, दारूच्या गुत्त्यावर नेलेला मोर्चा. आणि चारी कडांना लाल दोऱ्यानं प्रत्येकीनं घातलेलं आपलं नाव. कुणाचा काना राहिलेला, कुणाचं अक्षर उलटं. "पाटीवरचं पुसून जातं ताई, हे नाही जायचं," असं त्यातली एक मावशी म्हणाली होती.

पुढे ती गोधडी बरीच वर्षं ट्रंकेत पडून होती. गटाच्या वर्धापनदिनाला भिंतीवर काहीतरी हवं म्हणून घाईघाईनं बाहेर काढली आणि मी ती फ्रेमच्या दुकानात नेली. दुकानदारानं विचारलं, "कडा वाकड्या आहेत, सरळ करून घेऊ ना?" मी म्हटलं, "घ्या." त्यानं चारी बाजूंनी दोन-दोन इंच कापलं, प्लायवूडवर गोंद पसरला आणि गोधडी चिकटवून टाकली. कार्यक्रमाला त्या अकरा जणींपैकी एक आली होती. काचेला नाक लावून ती बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "आमची नावं कुठं गेली?"

नावं दुकानाच्या केरात गेली होती. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि मी त्या कडांकडे 'वाकड्या कडा' म्हणूनच पाहिलं.

काहीजणी म्हणतील, हिंसाचाराच्या केसेस पडल्या आहेत, रेशनचा प्रश्न आहे, त्यात फ्रेमचं काय घेऊन बसलीस? पण बाईचे श्रम दिसत नाहीत, मोजले जात नाहीत, हे आपण गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहोत. शिवणकाम म्हणजे 'फावल्या वेळातला उद्योग' आणि चित्र काढलं तर 'कला', ही विभागणी कशी घडली ते रोझिका पार्कर यांनी 1984 साली 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' या पुस्तकात दाखवलं. आपण तिच्यावर बोलतो. मग आपल्याच हातून तेच घडतं तेव्हा गप्प का बसायचं? मला वाटतं, बाईचं काम आपण किती मोलाचं मानतो ते मढवण्याआधीच्या तयारीतच दिसतं.

म्हणून आधी त्या तयारीबद्दल, कारण गटागटांतून अशा गोधड्या, बॅनर, भरतकामाचे रुमाल पडून आहेत.

कापडाला गोंद, सरस, चिकटपट्टी काहीही लावू नये. गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो, कडक होतो आणि कापड न फाडता निघत नाही. आमच्या गोधडीवर आता तसे डाग उमटू लागले आहेत. कापडाच्या मागे साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड थेट लागला तर त्यातल्या आम्लानं धागे पिवळे पडतात, कमकुवत होतात. आम्लविरहित पुठ्ठा मागून घ्यावा. त्यावर धुऊन खळ पूर्ण काढलेला मांजरपाट ताणून बसवावा आणि आपलं काम त्या मांजरपाटावर सुईनं, सैलसर टाक्यांनी शिवून घ्यावं. सुई धाग्यांच्या मधून जावी, धागा चिरून नव्हे. लोखंडी चुका मारू नयेत, ओलसर हवेत त्या गंजतात आणि डाग पाडतात.

धुवायची घाई करू नये. ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर थोडा वेळ दाबून पाहावा. एकाही दोऱ्याचा रंग उतरला तर पाण्यात घालू नये. भरतकामावर सुलटीकडून इस्त्री फिरवू नये, टाके चपटे होतात. काच कापडाला टेकता कामा नये. मध्ये पट्टी घालून निदान पाच-सहा मिलिमीटर जागा ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात आत बाष्प धरतं आणि बुरशी येते. उन्हाची तिरीप येते तिथे किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये. उडालेला रंग परत येत नाही.

आणि कडा कापू नयेत. चौकट कामाच्या मापाची करावी, काम चौकटीच्या मापाचं नव्हे. मोठी, जड गोधडी तर मढवूच नये. परकराला असतो तसा नेफा मागच्या बाजूला, वरच्या कडेला शिवावा, त्यातून दांडी घालावी आणि टांगावी. कुणी पाठ उलटून पाहायला मागितली तर दाखवताही येते. टाके कसे पडलेत, दोरा कुठे संपला, कुठे दुसऱ्या हातानं काम पुढे नेलं, हे पाठच सांगते.

पाठीचं महत्त्व चिलीच्या बायकांकडून शिकावं. 1973 साली तिथे लष्करानं सत्ता बळकावली, माणसं नाहीशी झाली. त्यांच्या बायकांनी, आयांनी, बहिणींनी 1974 पासून चर्चच्या आधारानं एकत्र बसून गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवत चित्रं केली. त्यांना 'आर्पियेरा' म्हणतात. पुष्कळशा आर्पियेरांवर करणारीचं नाव नाही, कारण नाव कळलं तर जिवाला धोका. पण कित्येकींच्या पाठीवर एक छोटा खिसा आणि त्यात चिठ्ठी असे. अशी आर्पियेरा कुणी फळीला चिकटवली तर ती चिठ्ठी कायमची गेली. नाव न घालणं हा त्या बायकांचा निर्णय होता. आमच्या अकरा जणींनी नाव घालायचं ठरवलं होतं, आणि ते मी एका शब्दानं पुसलं. फरक इथे आहे.

1912 साली मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश बायकांनी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात एका रुमालावर 66 सह्या भरल्या. तो रुमाल आजही ससेक्समधल्या एका संग्रहालयात आहे. त्या सह्याच काढल्या तर मागे काय उरेल?

आता गटांपुढे काही गोष्टी ठेवते. कुठलंही काम मढवण्याआधी ते करणारीला विचारा: मढवू का, कुठे लावू, नाव घालू का? हो म्हणाली तर नाव पुढे, दिसेल असं लावा. मागे गाव, साल आणि कशाचं कापड वापरलं तेही लिहा. विक्री झाली तर फ्रेमचा खर्च वजा करून उरलेले पैसे कुणाकडे जाणार, ते आधीच ठरवा. प्रदर्शनात 'ग्रामीण महिलांनी केलेले काम' अशी पाटी लावून मोकळं होऊ नका. 'महिला' हे कुणा एकीचं नाव नाही. आणि एखादी म्हणाली, "नको भिंतीवर, माझ्या नातवाला पांघरायला हवी," तर तिची गोधडी तिला परत द्या. तिनं ती ऊब मिळावी म्हणूनच शिवलेली असते.

आम्ही त्या वस्तीत पुन्हा गेलो. अकरापैकी सात जणी भेटल्या. दोघी वारल्या, दोघी दुसरीकडे राहायला गेल्या. चूक कबूल केली. मी म्हटलं, सगळ्यांची नावं छापून खाली लावू. त्यावर त्या मावशी म्हणाल्या, "छापू नका. कापड आणा, आम्ही पुन्हा घालतो." आता मांजरपाटाची पट्टी त्यांच्याकडे आहे. वारलेल्या दोघींची नावं त्यांच्या लेकी घालणार आहेत, लांब गेलेल्या दोघींचा शोध चालू आहे. गोंदाचे डाग आहेत ते राहतील.

तुमच्या ट्रंकेत काय आहे? एकदा उघडून, कडा नीट वाचून पाहा. आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा.