आधी ब्रेक, मग रंग

जुना ट्रॅक्टर दुरुस्त करतोय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "रंग कोणता देणार?" त्यापाठोपाठ दुसरा, "झाला की फोटो पाठवा हं!" त्याचे ब्रेक लागतात का, हे मात्र गेल्या वर्षभरात मला एकानेही विचारलेलं नाही. विचारणारी मंडळी चांगली शिकलेली, घरात दोन-दोन मोटारी असलेली. तरीही नाही. म्हणून म्हटलं, या न विचारलेल्या प्रश्नावर आपणच चार शब्द लिहावेत.

आधी ट्रॅक्टरची ओळख करून देतो. आमची शेती पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे. थोडी बागायत, बाकी सगळी पावसाच्या भरवशावर. १९७२ च्या दुष्काळाने घरातली बैलजोडी गेली. पुढे १९७४ साली थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या दादांनी, भूविकास बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर आणला. बी-२७५ हे मॉडेल, ३५ अश्वशक्तीचं, लालभडक. गावात त्याला सगळे नुसतं 'इंटरनॅशनल' म्हणत. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही अमेरिकन कंपनी, आणि हे मॉडेल तिच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचं. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि ही कंपनी अशा तिघांनी मिळून भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि हा ट्रॅक्टर मुंबईत, कांदिवलीला तयार होऊ लागला.

त्या ट्रॅक्टरने आमची शेती केलीच, शिवाय गावातल्या निम्म्या लोकांची नांगरट केली. लग्नाची वऱ्हाडं नेली, जेजुरीच्या यात्रेला माणसं नेली, एकदा रात्री अडलेल्या बाळंतिणीला ट्रॉलीत गादी घालून सासवडला पोचवलं. कर्ज फिटलं त्या दिवशी दादांनी त्याच्या बॉनेटवर भंडारा उधळला होता. पुढे नवा ट्रॅक्टर आला आणि हा गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली जाऊन बसला, तो पंचवीसेक वर्षं. दादा गेले. पुतण्याने भंगारवाल्याला बोलावलं तेव्हा वहिनींनी मला फोन केला. "भाऊजी, तुमच्या भावाची एवढी एकच वस्तू दारात राहिलीय." मग काय बोलणार? पेन्शनीतले काही पैसे मी घालायचे, काही पुतण्याने घालायचे, असं ठरलं.

पंचवीस वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाला घाईने हात घालायचा नसतो, हे मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. हौशी माणूस काय करतो? नवी बॅटरी लावतो आणि स्टार्टर मारतो. आत पिस्टन लायनरला गंजाने चिकटलेले असतील तर एका झटक्यात मोडतोड होते. मिस्त्रींनी आधी नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल आणि डिझेल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग हाताने, थोडं थोडं, पुढे-मागे करत इंजिन फिरवलं. टाकीतलं डिझेल काढलं तर ते काळं आणि डिंकासारखं चिकट. टाकी धुतली, नळ्या बदलल्या, रेडिएटर उघडून साफ केला. डिझेल पंप आणि नोझल तपासायला पुण्याला आणायचे ठरले. काही सुटे भाग नाना पेठेत मिळाले, एक झाकण चक्क मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात.

इथे एक सूचना, जी मला कुठल्याच दुरुस्तीच्या गप्पांमध्ये ऐकायला मिळाली नाही. त्या काळच्या ब्रेक आणि क्लचच्या लायनरमध्ये बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी आजार उपटतो. तेव्हा ड्रम-डबा उघडल्यावर त्यावर हवेचा फवारा मारू नये, आधी ओलं करून पुसून घ्यावं. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, तोही कोरडा घासू नये. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी हे त्याला सांगायला लाजू नका. तोंडाला फडकं बांधणं हा काही त्यावर पुरेसा इलाज नाही.

आता ब्रेक. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पॅडल असतात, डाव्या चाकाचा एक आणि उजव्या चाकाचा एक. शेतात बांधाशी वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो, म्हणून ही सोय. रस्त्यावर मात्र ते दोन्ही पॅडल खटक्याने एकमेकांना जोडावे लागतात. जोडले नाहीत आणि वेगात असताना पाय एकावरच पडला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि उलटूही शकतो. आमच्या ट्रॅक्टरचा तो खटका कधीच गळून पडलेला होता. एका बाजूच्या लायनरवर ॲक्सलचं तेल झिरपून ती बाजू गुळगुळीत झाली होती. म्हणजे इंजिन धडधडायला लागलं, हेडलाइट लागला, तरी हा ट्रॅक्टर थांबणारा नव्हता.

आणि नेमका त्याच सुमाराला पुतण्याने बेत सांगितला. "काका, पंप तिथेच बसवून घेऊ. नव्या ट्रॅक्टरला दोर बांधून जुना ओढत नेतो. दिवे घाट उतरला की हडपसर. ट्रकभाडं कशाला घालवायचं?" त्याचा आठ वर्षांचा मुलगा मडगार्डवर बसायच्या तयारीत होताच.

आमचा वाद झाला. चांगला दोन दिवस झाला. मास्तरकीची सवय, म्हणून मी त्याला फळ्यावर मांडावं तसं मांडून दाखवलं. दोर ओढू शकतो, अडवू शकत नाही. चढावर पुढचा ट्रॅक्टर मागच्याला ओढेल, पण उतारावर मागचा दीड-पावणेदोन टनांचा ऐवज पुढच्याच्या अंगावर येईल, तेव्हा दोर सैल पडून नुसता लोंबकळत राहील. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते बघायला आपण गर्दी करतो. त्या चढाचं कौतुक सगळ्यांना. पण जुन्या गाडीवानांना भीती असे ती उताराची. दादा नेहमी म्हणायचे, चढाला बैलाची ताकद लागते, उताराला माणसाची अक्कल. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आजही दिसतात, ते हीच अक्कल गहाण टाकतात. गिअरमध्ये असलेलं इंजिन हाच उतारावरचा पहिला ब्रेक असतो.

दुसरा मुद्दा दोर बांधण्याच्या जागेचा. ट्रॅक्टरने काहीही ओढायचं ते खालच्या ओढपट्टीला बांधूनच. दोर किंवा साखळी वर, ॲक्सलच्याही वर बांधली आणि मागचं ओझं अडकलं, तर मागची चाकं जागीच राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे उचललं जातं. दोन सेकंदांच्या आत तो चालकावर पालथा होतो. उडी मारायलासुद्धा सवड मिळत नाही. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने नांगर तीन बिंदूंनी ट्रॅक्टरला जोडायची पद्धत बसवली, तिच्यामुळे नांगर दगडाला अडकून ट्रॅक्टर असा उलटण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. आज जगभरचे ट्रॅक्टर तीच जोडणी वापरतात. स्वीडनने तर १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणासाठी मजबूत चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे आजही बहुतेक ट्रॅक्टरवर डोक्याशी असते ती उन्हासाठी ताडपत्री, किंवा तीही नाही.

पुतण्याला हे सगळं पटत होतं, पण भाड्याचे काही हजार डोळ्यांसमोर होते. शेवटी मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी बोललो नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं मी तालुक्याच्या शाळेत होतो. सातवीतला एक मुलगा वडिलांबरोबर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतावरून येत होता. रस्ता सपाट, वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. खड्ड्यात चाक आपटलं, मुलगा पुढे घसरला आणि मागच्या चाकाखाली गेला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सवयीने माझ्या तोंडून त्याचं नाव गेलं, आणि वर्गातली सगळी मुलं माझ्याकडे बघत राहिली. त्या वडिलांचं मुलावर प्रेम नव्हतं का? होतंच. मडगार्ड ही बसायची जागा नाही, एवढं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पुतण्या गप्प झाला. ट्रक ठरला.

ट्रॅक्टर ट्रकवर कसा न्यावा, तेही सांगून टाकतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्याकडे बांधाच्या मातीचा उतार करून ट्रकवर चढवायची पद्धत आहे. उतार लांबलचक आणि घट्ट ठोकलेला हवा. बंद ट्रॅक्टर असेल तर विंचने, सावकाश. चालू असेल तर चढताना रिव्हर्समध्ये चढवावा, म्हणजे पुढची चाकं उचलली जायचा धोका राहत नाही. चालकाशिवाय वर कुणी नको, मागेपुढे कुणी उभं नको. वर चढला की गिअरमध्ये टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, डिझेलचा कॉक बंद, चारही चाकांना लाकडी ठोकळे. मग चारही कोपऱ्यांना साखळ्या आणि त्यांना ताण देणारे टर्नबकल. साखळी चॅसीच्या भक्कम भागाला बांधायची, स्टिअरिंगच्या दांड्याला अजिबात नाही. सुती दोर आणि गाठी यांवर विसंबू नये. बॉनेट बांधायचं, धुराड्याच्या तोंडावर डबा घालायचा आणि धुराड्यासकट उंची मोजून ठेवायची, कारण वाटेत विजेच्या तारा असतात. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की थांबून साखळ्या पुन्हा तपासायच्या, त्या हमखास थोड्या सैल होतात. हे सगळं करायला आम्हाला दोन तास लागले. घाट उतरायला त्याहून कितीतरी कमी वेळ लागला, पण त्या वेळात कुणाच्याही छातीत धडधडलं नाही.

आता थोडं सरकारविषयी. २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा मोटार 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, वेगळ्या मालिकेचा नंबर, आणि प्रदर्शन-रॅलीसारख्या मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर यायची मुभा. नियम चांगला आहे. पण त्याच्या व्याख्येत ट्रॅक्टर नाही. एखाद्या संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, आणि दुष्काळानंतर कर्ज काढून घेतलेला, अर्ध्या गावाचं पोट भरणारा ट्रॅक्टर निव्वळ जुनं वाहन. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करा, नाहीतर भंगारात द्या! पुण्यात विंटेज मोटारी निघतात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. बघणाऱ्यांत कितीतरी जणांचे आजोबा शेतकरी असतील. त्यांचं वाहन त्या रांगेत का नसावं?

याच शहरात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या जमवल्या, तेव्हा लोक हसलेच असतील. आज राजा केळकर संग्रहालय पाहिल्याशिवाय पाहुण्यांचं पुणं पुरं होत नाही. शिवाजीनगरला शंभर वर्षांहून जुनं कृषी महाविद्यालय आहे. मोशीला डिसेंबरात शेतीचं मोठं प्रदर्शन भरतं, नवेकोरे ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. तिथे एका कोपऱ्यात दहा जुने ट्रॅक्टर, त्यांच्या मालकांच्या आठवणींसह ठेवायला कितीशी जागा लागेल? माझं म्हणणं एवढंच आहे: ट्रॅक्टरला विंटेजच्या व्याख्येत घ्या, पण दोन अटी घाला. ब्रेक तपासून दाखला मिळाल्याशिवाय नोंदणी नाही, आणि लांबचा प्रवास दुसऱ्या वाहनावर लादूनच.

काही वाचक म्हणतील, मास्तर, ऊस कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर मोठ्याने गाणी, असे ट्रॅक्टर रात्रभर धावत असतात. आणि तुम्ही एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरची काळजी करताय? खरं आहे. पण सवय कुठून तरी सुरू व्हावी लागते. हौसेच्या वस्तूचे ब्रेक ज्याने स्वतः उभं राहून करून घेतले, त्याला रोजच्या ट्रॉलीचा विझलेला दिवा खुपायला लागतो. आमच्या पुतण्याने दिवाळीआधी स्वतःच्या दोन्ही ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावले. मी सांगितलं नव्हतं.

आपण खंडेनवमीला अवजारांची पूजा करतो. ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. येत्या खंडेनवमीला एक विधी वाढवा. माळ घालण्यापूर्वी दोन्ही पॅडल दाबून बघा, खटका आहे का बघा, मागचा दिवा लावून बघा. आणि मुलाला मडगार्डवरून खाली उतरवा, मग नारळ फोडा.