जिल्हई करण्यापूर्वी

पिपलानीच्या वाचकांपुढे धातूच्या गोष्टी सांगणे हे धाडसच होय. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळे ही वसाहत उभी राहिली. यंत्रे घडविणाऱ्या हातांना आम्ही काय शिकवावे? परंतु दारची जुनी फियाट वा अँबॅसडर सणापूर्वी उजळविण्याची हौस आली, की जाणते हातही घाई करतात. कुर्ल्याची पद्मिनी आता घडत नाही. अँबॅसडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. मूळ पट्टी बिघडली, तर तिची जोड मिळणे कठीण. म्हणून हा प्रपंच.

जिल्हई म्हणजे धातू झिजविणे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. बंपरवरील क्रोमचा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. गंजापासून खरे रक्षण त्याखालचे निकेल करते. खरखरीत भुकटीने घासत राहिल्यास क्रोम उडून निकेलची पिवळसर झाक दिसू लागते. मग कितीही घासले तरी ती निळसर चमक परत येत नाही. तांबड्या ठिपक्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात भिजवून हलकेच फिरवावा. तो क्रोमहून मऊ असल्याने गंज निघतो आणि मुलामा टिकतो. नंतर धुऊन, कोरडे करून मेण लावावे. पितळेला मानवणारी चिंच येथे नको. तिचे आम्ल बारीक छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोहोचते.

बाजूच्या पट्ट्या स्टेनलेस पोलादाच्या असतील तर काम सुखाचे. पोचा मागून लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकावा, मग ४००, ६००, १००० नंबरचा कागद क्रमाने फिरवून बफ द्यावा. मात्र चुंबक चिकटला म्हणजे मुलाम्याचे लोखंडच, असे समजू नये. काही स्टेनलेस पोलादही चुंबकाला धरते. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये. जस्ताच्या ओतीव मुठींवर फोड आले असल्यास घासून ते जात नाहीत; खालचा धातूच खाल्लेला असतो.

तेथे नवा मुलामा हाच उपाय. परंतु भांड्यांच्या कल्हईप्रमाणे हे काम दारात होत नाही. क्रोमच्या पारंपरिक द्रावणातील क्षार विषारी व कर्करोगकारक आहेत. ते जाणत्या कारखान्याकडेच सोपवावे, आणि तेही निकड असेल तेवढ्याच भागापुरते.

वाडवडिलांनी वापरलेल्या गाडीवर चार चरे राहिले, तर राहू द्यावेत. मूळ धातू शिल्लक असेल, तरच पुढच्या पिढीला उजळविण्यासाठी काही उरेल.